नांगर आणि पदवी

आमच्याकडे विद्यापीठीय शिक्षणाचा जो इतिहास लिहिला जातो, तो बहुधा विद्यापीठांत काय शिकविले गेले याचा असतो; तेथून बाहेर पडलेल्या तरुणाने पुढे पोट कसे भरले, याचा क्वचितच असतो. वस्तुतः हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच जुना आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे व भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. अशा मूठभर मंडळींस नोकरी शोधावी लागत नव्हती. नोकरीच त्यांस शोधीत येई. १८५४ च्या ज्या वुडच्या खलित्यातून ही विद्यापीठे उगम पावली, त्यात सरकारी कामास विश्वासू व सुशिक्षित नोकर मिळावेत हा हेतू उघडपणे नमूद केलेला होता. कचेऱ्या, न्यायालये व शाळा यांची भूक मोठी आणि पदवीधर थोडे, असे तोवर शिक्षणाचा व उपजीविकेचा संबंध कोणासच तपासावा लागला नाही. पुढे पदवीधर वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि प्रत्येक सुशिक्षित घरात 'पदवी झाली, आता पुढे काय?' हा प्रश्न येऊन बसला. तो अद्यापि उठलेला नाही.

अलीकडे या प्रश्नावर महाविद्यालयांनी एक ठराविक उपाय योजिला आहे. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यास अर्ज कसा लिहावा, मुलाखतीस कसे बसावे, चार लोकांत कसे बोलावे, हे शिकवावयाचे. एक 'प्लेसमेंट सेल' उघडावयाचा. आणि किती मुलांस नोकऱ्या लागल्या याचा आकडा माहितीपत्रकावर छापावयाचा. हा उपाय निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु उपजीविकेची तयारी ही शिक्षणाच्या शेपटास जोडावयाची वस्तू आहे, हा जो समज त्याच्या मुळाशी आहे, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे. तो तपासण्यास सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे नसेल. या दोहोंस एकत्र घेण्याचे कारण उघड आहे. १९४९ पर्यंत यांतील बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या या खोऱ्यात गेल्या दीडशे वर्षांत विद्या व उपजीविका यांची सांगड घालण्याचे निरनिराळे प्रयत्न झाले. आणि त्यांतील काहींची फळे आज आपल्यासमोर आहेत.

प्रारंभ कऱ्हाडजवळच्या टेंभू गावापासून करावा लागेल. गोपाळ गणेश आगरकर तेथे १८५६ साली जन्मले. घरची गरिबी इतकी, की शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे आश्रय शोधीत हिंडावे लागले. मध्यंतरी कचेरीत कारकुनीची उमेदवारीही करावी लागली. शिकता शिकता कमावणे आणि कमावता कमावता शिकणे, हे त्यांच्या वाट्यास योजना म्हणून आले नव्हते. प्राक्तन म्हणून आले होते. अशा तरुणाने एम. ए. होताच मोठ्या पगाराच्या जागेकडे धाव घेतली असती, तर कोणीही त्यास नावे ठेविली नसती. आगरकरांनी उलट केले. आता आपल्या मुलास मोठ्या पगाराची चाकरी लागेल अशी आशा आईने धरू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकसेवेत आयुष्य घालविण्याचे आपण ठरविले आहे, असे त्यांनी तिला कळविले, हे सर्वश्रुत आहे. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि याच सोसायटीने १९१९ साली सांगली व मिरज यांच्या दरम्यान विलिंग्डन कॉलेज काढले. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांत पहिला पदवीधर निर्माण झाला तो या कॉलेजामुळे.

आगरकरांचा त्याग थोर खराच. पण त्यातून निघालेला धडा सर्वांस लागू करता येत नाही. ज्या घरात मुलाचा पगार हाच सावकाराच्या कर्जातून सुटण्याचा एकमेव मार्ग आहे, त्या घरास 'पगाराची हाव धरू नका' असे सांगणे सोपे नाही, आणि न्याय्यही नाही. शिवाय त्या काळच्या महाविद्यालयांत जे शिकविले जाई ते शेक्सपिअर, मिल व कालिदास यांच्या योग्यतेचे असले, तरी त्याच्या आधारे कचेरी, वकिली व शिक्षकी यांवाचून चौथी वाट दिसत नव्हती.

ती चौथी वाट त्याच खोऱ्यात, पण विद्यापीठाच्या बाहेर निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंगांधळेपणामुळे तो मार्ग खुंटला. मग ते यंत्रांची आरेखने शिकविणारे शिक्षक झाले. तेथे बढती हुकली. बेळगावास सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, असे करीत १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालविण्यास पुष्कळ खटपट करावी लागली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत टांगलेला असे, आणि त्याच्या उजेडात किती मुलांनी परीक्षांचा अभ्यास केला असेल याची गणती नाही.

या कारखान्यांत महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेले कारागीर ओतकाम, सुतारकाम, कातकाम शिकून तरबेज झाले. येथे काम हीच परीक्षा होती, आणि बिघडलेला माल हाच नापासाचा दाखला. तथापि या वाटेलाही मर्यादा होती. नांगरापासून पंपाकडे आणि पंपापासून इंजिनाकडे जावयाचे तर नुसता हात पुरत नाही, गणित व शास्त्र लागते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रसंस्थेत पाठविण्यात आले आणि ते १९२६ साली तेथील पदवीधर झाले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कारखान्याला पदवीची गरज लवकर कळली. पदवीला कारखान्याची गरज कळावयास मात्र फार काळ लागला.

या दोहोंमधील दुवा ज्या पुरुषाने जोडला, तो स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता. भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. मूळ घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवड्याचे. कोल्हापुरास त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या आणि पुढे किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. चरित्रकार या विक्रेतेपणाचा उल्लेख बहुधा दोन ओळींत आटोपतात. आम्हांस मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागते. त्याची जमीन किती, बैल किती, कर्ज किती, मुले किती आणि त्यांतील शाळेत किती जातात, हे सर्व त्यास नकळत समजते. खेड्यातील मूल शाळेत जात नाही याचे कारण बुद्धीचा अभाव नसून भाकरीचा अभाव आहे, हे ज्ञान पुस्तकातून मिळण्यासारखे नव्हते. ज्यास आपण आज 'व्यवसायाचा अनुभव' म्हणतो, त्याचे याहून सुंदर उदाहरण शोधून सापडावयाचे नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. म्हणजे विलिंग्डन कॉलेज ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवीत आणि दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम ही सारी कामे तीच करीत. ते चालविताना लक्ष्मीबाई पाटलांचे दागिने विकले गेले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य याच व्यवहारातून आलेले आहे. मुलाने श्रम करावेत आणि त्या श्रमांतून त्याच्या अन्नाचा व शिक्षणाचा खर्च भागावा, म्हणजे कोणाच्या दारी ओंजळ पसरावी लागणार नाही, इतकी ही साधी कल्पना होती. वार लावून जेवण्याची व माधुकरीची जी जुनी पद्धत आमच्या कित्येक विद्वानांनी अनुभविली, तिच्यात उपकाराचे ओझे होते. भाऊरावांनी ते ओझे उतरवून ठेविले.

१९४७ साली या इतिहासास मोठे वळण लागले. त्या वर्षी साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेने छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, आणि त्याच वर्षी सांगलीस धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने नवे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९५५ साली त्यास वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एकाच मुलखातील दोन शहरांनी एकाच प्रश्नास दिलेली ही दोन उत्तरे होत. सांगलीने म्हटले, देशास जे कौशल्य लागणार तेच पदवीत घाला. साताऱ्याने म्हटले, पदवी कोणतीही असो, ती घेणाऱ्याचे हात कामाला लावा. शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका' ही योजना महाविद्यालयीन पातळीवर राबविली गेली. सकाळी कुदळ, फावडे व पाटी घेऊन शेतात अगर बांधकामावर जावयाचे, आणि मग हात धुऊन तर्कशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या तासास बसावयाचे, असा क्रम सुरू झाला. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, या कॉलेजाचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एन. डी. पाटील यांनीही १९५४ नंतर काही वर्षे येथे प्राध्यापक म्हणून काम करताना या योजनेची जबाबदारी वाहिली होती.

ही कल्पना जगास अगदी अपूर्व होती असे नाही. अमेरिकेतील केंटकी संस्थानात १८५५ साली निघालेल्या बेरिया कॉलेजात १८९२ पासून शिकवणीची फी घेतली जात नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्यास काम करावे लागते. सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस आळीपाळीने वर्गात व कारखान्यात ठेवण्याची पद्धत सुरू केली. या दोन प्रयोगांतील भेद महत्त्वाचा आहे. बेरियात श्रम हे शिक्षणाचे मोल आहे. सिनसिनाटीत श्रम हा शिक्षणाचाच भाग आहे. साताऱ्याचा प्रयोग पहिल्या जातीचा. सांगलीच्या परिसरात दुसऱ्या जातीच्या प्रयोगास लागणारी सर्व सामग्री, म्हणजे कारखाने, महाविद्यालये व मोठी बाजारपेठ, हाताशी होती. हे दोन प्रवाह एकमेकांस पुरते मिळाले असते, तर महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचे रूप आज काही निराळे दिसते, असे आमचे मत आहे.

आता या योजनेच्या फळांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. 'कमवा व शिका' मधून बाहेर पडलेल्यांनी पुढे काय केले? पुष्कळांनी नोकरीच केली, आणि त्यांतही शिक्षकाची. यात आश्चर्य नाही. संस्थेने १९३५ साली साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. तेथे तयार झालेल्या शिक्षकांनी खेडोपाडी शाळा चालविल्या. त्या शाळांतून नवे विद्यार्थी वसतिगृहात आले आणि त्यांतील काही पुन्हा शिक्षक झाले. बी पेरावे, पीक काढावे आणि त्यातूनच पुढच्या पेरणीचे बी राखावे, असा हा क्रम होता. टीकाकार म्हणतात, ज्यांनी कुदळ हाती धरली तेही अखेर खुर्चीवरच बसले, मग श्रमाचा संस्कार गेला कोठे?

आम्हांस ही टीका अन्यायाची वाटते. ज्या कुटुंबात पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते, त्यातील पहिल्या शिकलेल्या मुलाने महिन्याच्या महिन्यास येणारा पगार पसंत करावा, हे शहाणपणाचेच होते. त्या एका पगारावर धाकट्या भावांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, गहाण पडलेले शेत सुटले. धाडस करण्यासही पायाखाली थोडी जमीन लागते. ती पहिल्या पिढीने मिळविली. मात्र हे चक्र अखंड चालणारे नव्हते. शाळा वाढत होत्या तोवर शिक्षक वाढले. गावोगाव शाळा झाल्यावर चक्राची गती मंदावणे अपरिहार्य होते. अनुदानित शाळांतील भरतीसाठी २०१७ पासून अभियोग्यता चाचणी व 'पवित्र' प्रणाली आली, आणि शिक्षणशास्त्राची पदवी हाती असलेल्या उमेदवारांस एकेका भरतीची वाट पाहत वर्षे काढावी लागली. तीच गत स्पर्धा परीक्षांची. सातारा-सांगलीकडची किती तरी मुले-मुली पुण्याच्या पेठांत खोल्या घेऊन पंचविशी, कधी कधी तिशीही, अभ्यासिकेत घालवितात. त्यांच्या बुद्धीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्या वयात माणसाने काही केल्याने आत्मविश्वास वाढावयाचा, त्या वयात नुसती वाट पाहिल्याने तो झिजतो, हे आम्ही अध्यापक या नात्याने जवळून पाहत आलो आहो.

तेव्हा भाऊरावांच्या योजनेतून आज घ्यावयाचे ते काय? कुदळ हे तिचे बाह्य रूप. तिच्या पोटात तीन शिकवणी होत्या असे आम्हांस वाटते. पहिली, हिशेबाची: आपल्या जेवणास काय पडते आणि आपल्या दिवसभराच्या श्रमास काय येते, हे त्या विद्यार्थ्यास ठाऊक होते. आजच्या पदवीधरास आपल्या शिक्षणाचा खर्चही कित्येकदा ठाऊक नसतो. तो बापाच्या कर्जाच्या कागदात असतो. दुसरी, जबाबदारीची: एकाने पीठ दळले नाही तर सर्व पंगत उपाशी राहते. आपल्या चुकीने दुसऱ्याचे अडते, ही जाणीव प्रश्नपत्रिका देऊ शकत नाही. तेथे नापास होतो तो एकटाच होतो. तिसरी, समतेची: काम सर्वांनीच करावयाचे असल्यामुळे ते कोणाच्याही गरिबीचे चिन्ह ठरत नव्हते.

या तिसऱ्या गोष्टीस आज सर्वांत अधिक धक्का लागला आहे. 'कमवा व शिका' हे नाव आता महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी उचलले आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु बहुतेक ठिकाणी ती गरजू विद्यार्थ्यांपुरती राहिली. ग्रंथालयात पुस्तके लावावी, कार्यालयात नोंदी कराव्या, बागेस पाणी घालावे आणि ताशी ठरलेले मानधन घ्यावे. त्या पैशांचे मोल गरीब मुलास किती असते, हे आम्ही जाणतो. म्हणून या योजनेविषयी हलके शब्द काढणार नाही. पण सधन विद्यार्थी ज्या वेळी इंग्रजी संभाषणाच्या वर्गास किंवा कारखान्यातील अनुभवासाठी जातो, त्या वेळी गरीब विद्यार्थी कपाटांची धूळ झाडीत असेल, तर उपजीविकेच्या शर्यतीत आपण त्यास मदत करीत आहो की मागे ठेवीत आहो, याचा विचार झाला पाहिजे. श्रम करावयाचे ते सर्वांनी. आणि ते श्रम असे हवेत, की ज्यांतून पुढील कामाची विद्या मिळेल.

हे करणे अशक्य नाही. साखर कारखाने, दूध संघ, सांगलीचा हळदीचा बाजार, मिरजेची रुग्णालये, सातारा व कुपवाड येथील औद्योगिक वसाहती, हे सर्व महाविद्यालयांच्या दाराशी आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने एक हंगाम बाजार समितीत हिशेब लिहावे, रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने एक गळीत हंगाम कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा उतारा मोजावा, मराठीच्या विद्यार्थ्याने दवाखान्यातील सूचना रोग्यास समजतील अशा भाषेत लिहून द्याव्यात. आणि त्या कामाचा मोबदला व गुण दोन्ही त्यांस मिळावेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अशा कार्यानुभवास अभ्यासक्रमात जागा दिली आहे. ती जागा शिक्क्याच्या प्रमाणपत्रांनी भरावयाची की खऱ्या कामाने, हे सर्वस्वी महाविद्यालयांवर व पालकांवर अवलंबून आहे.

पालकांवर, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. आपल्या मुलाने शिकत असताना हात मळवू नयेत, त्याने केवळ अभ्यास करावा, ही इच्छा वात्सल्याची आहे हे खरे. परंतु तिच्यामुळेच वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत ज्याने एकही काम अंगावर घेऊन तडीस नेलेले नाही, असा पदवीधर तयार होतो, आणि मग दोन महिन्यांच्या मुलाखत-वर्गाने त्यास तयार करावयाचे असते. भाऊराव पाटील १९५९ च्या मे महिन्यात वारले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या गृहस्थास डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली होती, आणि सरकारने पद्मभूषण. आयुष्याची सर्व कामे आधी होऊन पदवी मागाहून आली, असे उदाहरण दुर्मिळ. आमच्या मुलांची पदवी आधी येणार, हे ठरलेलेच आहे. पण तिच्या आधी थोडे तरी काम यावे, इतकी व्यवस्था आपण करू शकतो. घरात पुढील जूनमध्ये कोणी महाविद्यालयात जाणार असेल, तर कोणत्या शाखेत प्रवेश घ्यावयाचा या विचाराबरोबरच, तीन वर्षांत त्याने कोणते काम खरोखर करून पाहावयाचे, हाही विचार त्याच बैठकीत व्हावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.